नाइट व्हिजनच्या ट्यूबमधले डाग घरी निघतात का?

काळोख_रामटेक
माझं नाइट व्हिजन (अंधारातला मंद उजेड वाढवून दाखवणारं उपकरण): जेन २ प्लसची, म्हणजे दुसऱ्या पिढीची सुधारित १८ मिमी ट्यूब, पीव्हीएस-१४ घाटाची (एका डोळ्याने बघायची) बॉडी. एच-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडणारा) लावून रामटेकच्या बाजूला तेजोमेघ पाहायला वापरतो. आता तीन गोष्टी दिसून राहिल्या आहेत. घड्याळाच्या २ च्या जागी एक टोकदार काळा ठिपका. मध्याच्या जरा खाली एक धूसर डाग, तो कधी दिसतो, कधी नाही. आणि ८ च्या जागी एक हिरवा ठिपका, जो झाकण लावलं तरी पेटलेलाच. यातलं घरी काय निघेल? ट्यूब उघडता येते का? वॉरंटी संपली आहे.

लेन्सकागद
ट्यूब उघडायचं डोक्यातून काढा भाऊ. ती निर्वात सीलबंद असते. पुढच्या काचेच्या आतल्या अंगाला फोटोकॅथोडचा (उजेड पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा) थर असतो, आणि त्यातल्या सिझियमला हवा लागली की थर तिथल्या तिथे मरतो. त्यामागे अगदी बारीक फटीवर मायक्रोचॅनल प्लेट (इलेक्ट्रॉन वाढवणारी बारीक भोकांची चकती), तिच्यामागे फॉस्फरचा पडदा (इलेक्ट्रॉन आदळले की चमकणारा). म्हणजे आतला डाग आतच राहणार. पण तुमचे तिन्ही आतलेच आहेत असं मुळीच नाही.

डाग कुठल्या पातळीवर आहे ते आधी शोधा. अंधाऱ्या खोलीत पांढरी भिंत, शेजारच्या खोलीत झिरोचा बल्ब, दार किलकिलं. आयपीसची (डोळ्याकडच्या लेन्सची) रिंग थोडी फिरवून बघा. डाग रिंगसोबत फिरला तर तो आयपीसवर आहे, विषय मिटला. मग ऑब्जेक्टिव्हवर (समोरच्या लेन्सवर) बारीक भोकाचं झाकण लावा (उजेड कमी पडला तर दार थोडं उघडा). डीएसएलआरच्या सेन्सरवरची धूळ एफ-१६ ला उठून दिसते आणि एफ-२ ला गायब होते ना, तोच हिशोब इथे आहे. पुढची काच चांगली जाड असते, त्यामुळे तिच्या बाहेरच्या अंगावरच्या कणाची सावली उघड्या लेन्सला पसरून विरते आणि भोकातून बघितलं की गडद होते. भोकाने डाग बदलला तर तो बाहेरचा. काहीच फरक पडला नाही तर एकतर आतला, नाहीतर मागच्या काचेवरचा.

ही मागची काच लोक विसरतात. आउटपुटला फायबर-ऑप्टिक (काचतंतूंच्या जुड्यांचा ठोकळा) असतं आणि चित्र थेट त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर उमटतं; आयपीसचा फोकस नेमका तिथेच असतो. म्हणून तिथे बसलेला कण अगदी रेखीव दिसतो, आणि माणूस म्हणतो ट्यूब गेली.

वऱ्हाडी_वॅट
काळा ठिपका असेल तर उपकरण तळहातावर धरून त्याला दोन-चार टिचक्या मारा. आतला सुटा कण सरकतो कधी कधी.

लेन्सकागद
सरकतो, पण कुठे जाऊन बसेल ते तुमच्या हातात नाही. २ वाजल्यावरून मधोमध आला तर रोज बोंबलत बसाल. शिवाय फोटोकॅथोड आणि प्लेटमधल्या त्या फटीवर दोनेकशे ते आठशे व्होल्ट असतात. कण तिथे अडकला तर काळ्या ठिपक्याऐवजी चमकणारा ठिपका मिळेल. टिचक्या नको.

काळोख_रामटेक
भोकाची चाचणी केली. धूसर डाग भोकाने काळाकुट्ट झाला. २ चा ठिपका जसाच्या तसा. रिंगसोबत दोन्ही फिरत नाहीत.

लेन्सकागद
म्हणजे धूसरवाला पुढच्या काचेच्या बाहेर आहे, तो जाईल. २ च्या ठिपक्यासाठी मागची काच पुसून बघायची, निघाला तर निघाला.

जागा: बाथरूम. नागपूरच्या कोरड्या हवेत काचेला स्थिर विद्युत धरते आणि धूळ चिकटते. फरशीवर पाणी मारा, पंखा बंद, २० मिनिटं थांबा म्हणजे हवेतली धूळ खाली बसेल. बॅटरी काढून ठेवा. ट्यूबच्या पडद्यावर पाच-सहा हजार व्होल्ट असतात, म्हणून बंद केल्यावर अर्धा तास जाऊ द्या. पॉटिंगला (ट्यूबभोवती ओतलेल्या आवरणाला) हात लावायचा नाही. पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्हज घाला.

ट्यूब बॉडीतून काढायची गरज नाही. आयपीस निघाला की मागची काच समोर येते, ऑब्जेक्टिव्ह निघालं की पुढची. कुठे स्टॉप-स्क्रू असतो, कुठे लॉक-रिंग. अडलं तर जोर लावू नका, आधी तो शोधा. ऑब्जेक्टिव्हच्या अनंताच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) जागेवर मार्करने खूण करा, नाहीतर परत बसवताना ताऱ्यावर फोकस येणार नाही. स्पॅनर वापरावाच लागला तर काचेवर आधी कागदाची गोल चकती ठेवा. टोक घसरून फायबरवर ओरखडा पडला की तो कायमचा.

टॉर्च तिरका धरून १० पटीच्या भिंगाने बघा. कण दिसला तर आधी रबरी ब्लोअर, काच खाली तोंड करून. डब्यातली दाबलेली हवा नको, तिच्यातला द्रव उडून काचेवर ठसा उमटतो. नाही हलला तर लेन्स टिश्यूची घडी, तिच्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा (आयपीए) एकच थेंब. थेंब टिश्यूवर टाकायचा, काचेवर नाही. जास्त झाला तर कडेच्या सीलंटमध्ये झिरपतो आणि तिथला मळ घेऊन परत येतो. मधून बाहेर एकच फेर, मग टिश्यू फेका. दुसऱ्या फेराला नवी. अॅसिटोन अजिबात नको, प्लास्टिक आणि रंग खातो. सीताबर्डीला मोबाइलवाल्यांकडे आयपीए मिळतं, पण बाटलीवर टक्केवारी वाचून घ्या. ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणी असतं.

बंद करण्याआधी सुटे भाग सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात २४ तास ठेवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, थर नको. बॉडीत भरलेला नायट्रोजन उघडल्यावर गेला, त्यामुळे ऑगस्टमध्ये आतून वाफ धरू शकते. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

परत लावल्यावर चित्र थोडं उजळ, दुधाळ वाटलं तर घाबरू नका. फोटोकॅथोडवर खोलीचा उजेड पडला की असं होतं. झाकण लावून रात्रभर अंधारात ठेवा, उतरेल.

मंद_तारा
हिरव्या ठिपक्याबद्दल कोणी बोललं नाही. झाकण लावूनही एकाच जागी स्थिर पेटतो तो एमिशन पॉइंट. आतल्या बारीक टोकावरून इलेक्ट्रॉन आपोआप सुटतात, उजेडाशी संबंध नाही. घरी उपाय नाही. मॅन्युअल गेन (हाताने उजळपणा कमी-जास्त करायची सोय) असेल तर कमी करा, ठिपका मंद होतो.

उन्हाळ्याचा मुद्दाही लक्षात घ्या. ट्यूब तापली की पार्श्वभूमीची चमक वाढते. मे महिन्यात रात्री दहालाही इथे हवा गरम असते, गाडीच्या डिकीत राहिलेलं उपकरण तर तापलेलंच निघतं. आभाळ काळं न दिसता राखाडी दिसतं आणि लोक डाग शोधत बसतात. एसीच्या खोलीत अर्धा तास ठेवून न्या, बंद पिशवीत, म्हणजे बाहेर दव धरणार नाही.

कोंबडीच्या जाळीसारख्या काळ्या रेघा दिसल्या तर त्या फायबरच्या जुड्यांच्या सीमा. भरपूर उजेडात फिकट मधमाशीचं पोळं दिसलं तर ती मायक्रोचॅनल प्लेटची वीण. दोन्ही कारखान्यातून येतात, पुसू नका.

काळोख_रामटेक
साफ केलं. धूसर डाग गेला. २ चा ठिपका तिथेच. मागच्या काचेवर भिंगाखाली काहीही नाही, म्हणजे आतला.

लेन्सकागद
मग सोडा त्याला. १८ मिमीच्या ट्यूबमध्ये मधलं ५.६ मिमी व्यासाचं वर्तुळ झोन १, तिथला डाग खरा त्रासदायक. तिथून १४.७ मिमीपर्यंत झोन २. डेटा शीट (ट्यूबसोबत आलेला कारखान्याचा तपासणी-कागद) असेल तर तिच्यावर ठिपक्यांचा नकाशा असतो. तुमचा त्यात आधीच असेल तर ट्यूब अशीच आली होती.

मंद_तारा
फोनने फोटो काढत असाल तर ठिपका फोटोतून काढता येतो. फोन आयपीसला अडॅप्टरने पक्का बसवा. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा कागद, त्यावर मंद एकसारखा उजेड, आणि २०-३० फ्लॅट (त्या एकसारख्या उजेडाचे फोटो). स्टॅकिंगच्या (अनेक फोटो एकत्र करणाऱ्या) सॉफ्टवेअरला द्या, ते भागाकार करून राखाडी डाग उजळतं. फोन फ्लॅटच्या आधी एक मिलिमीटर जरी हलला तरी सगळं वाया.

पूर्ण काळ्या ठिपक्याला भागाकार चालत नाही, तिथे माहितीच शून्य. दर ५-१० फ्रेमनंतर दुर्बीण जरा सरकवा, म्हणजे ठिपका दरवेळी आभाळाच्या वेगळ्या तुकड्यावर येतो.

वऱ्हाडी_वॅट
आणि आकाशदर्शनाला कोणी हिरवा लेझर काढला की आधी झाकण लावा. त्याची रेघ कोणत्याच टिश्यूने पुसली जात नाही.