वाडीचं दक्षिणद्वार : तुमच्या आठवणी लिहा

काल रात्री मामेभावाने व्हिडिओ पाठवला. पंधरा सेकंदांचा. अंधार, पाण्याचा आवाज आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "झालं झालं, चढतं झालं!" मी डोंबिवलीत पालक निवडत होते, तो तसाच राहिला.

नरसोबाची वाडी माझं आजोळ. माहीत नसणाऱ्यांसाठी : शिरोळ तालुका, कृष्णा-पंचगंगेचा संगम, काठावर दत्ताचं देऊळ. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. पूर आला की पाणी उत्तरेच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. तिथे अंघोळ करायची, ते दक्षिणद्वार. पाणी चढताना आणि पुन्हा उतरताना. मुहूर्त-बिहूर्त काही नाही, फार चढलं तर दारच बुडतं.

आजी रात्री अडीचला उठवायची. मामा दंड इतका घट्ट धरायचा की सकाळी बोटं उमटलेली दिसायची. गढूळ पाणी, पायाखाली पायरी आहे का नाही कळायचं नाही. आजी नाक दाबून तीन बुड्या मारायची आणि वर आली की पहिलं वाक्य, "घरी दूध झाकलंय का गं?"

तुम्हीही लिहा. वाडीचं काहीही चालेल.

भटकभवानी : दूध झाकलंय का 😂 सगळ्या आज्या एकाच कारखान्यातल्या.

सांगलीकर : कवठाची बर्फी. बास. बाकी सगळं नंतर.

अनु_प : बर्फी कसली, बासुंदी! वडील दर पौर्णिमेला जायचे. येताना स्टीलच्या डब्यात बासुंदी, आणि एसटीत डबा मांडीवर माझ्या. एकदा खड्ड्यात झाकण उडालं, पुढच्या सीटवरच्या काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सगळी. काका वळून बघतात, बोटानं चाखतात आणि म्हणतात, "साखर जरा जास्त झाली." अजून घरात कुठलंही गोड केलं की हेच वाक्य.

कुरुंदवाडचा पोरगा : आम्ही पल्याडचे, मधे फक्त पंचगंगा. लहानपणी दुपारच्या आरतीची घंटा वाऱ्यावर ऐकू आली की आई भाकरी टाकायला घ्यायची. नावेतनं वाडीला जायचो, देवाला कमी आणि पेढ्यांच्या दुकानातल्या चवीला जास्त. "चव बघा" म्हणतील तिथं बघायची, चार दुकानं झाली की पोट भरलं.
आणि वांगी कुणी काढलीच नाहीत अजून? कृष्णाकाठची वांगी रे! भरलं वांगं खावं तर आमच्याकडं.

रेवा : माझं सासर बेळगावकडचं, घरात कानडी. लग्नानंतर पहिल्यांदा वाडीला गेलो तर रांगेत पुढे-मागे सगळे कानडीत बोलतायत. मला वाटलं आपण चुकून गाणगापूरला आलो. पुजाऱ्यांच्या घरी उतरलो होतो, त्या काकूही सासूबाईंशी फडाफडा कानडीत! मी एकटीच ताक पीत बसले.
घेवड्याची भाजी होती पानात. तेव्हा कळलं गुरुचरित्राच्या १८ व्या अध्यायामुळे. गरीब ब्राह्मणाचा घेवड्याचा वेल नृसिंहसरस्वती महाराज उपटतात, नवरा-बायको हबकतात आणि मुळाशी धनाचा हंडा निघतो. माझ्या पानातल्या भाजीखाली काही नव्हतं.

भटकभवानी : @रेवा ताई, भाजी पूर्ण उपसली होतीत ना?

शिरोळकर : सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. २००५ च्या पुराला मी बारावीला, २०१९ च्या पुराला घरात दोन वर्षांची पोरगी. त्या ऑगस्टात पाणी आलं ते जाईना. आधी शेजारची माणसं म्हणत होती, "येऊ दे, दक्षिणद्वार होईल." दोन दिवसांनी तीच माणसं बोटीत बसत होती. आमची म्हातारी म्हस सोडून यायला तयार नव्हती. आम्ही जयसिंगपूरला पाहुण्यांकडं तीन आठवडे. परत आलो तर भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ. आईनं रेघेला हळदकुंकू लावलं, मग पुसायला घेतली. त्या वेळी राग आला होता मला.

अनु_प : @शिरोळकर दादा 🙏 म्हैस?

शिरोळकर : वाचली. गेल्या वर्षी विकली.

सांगलीकर : आता मला बर्फीचं लिहिल्याची लाज वाटतेय.

शिरोळकर : अहो लाज कसली, बर्फी चांगलीच असते.

नीता_ठाणे : मिरजेहून वाडीला एसटी वेळेवर मिळते का? सासऱ्यांना न्यायचंय, गुडघे दुखतात. घाटाच्या पायऱ्या किती आहेत?

कुरुंदवाडचा पोरगा : @नीता_ठाणे ताई, पायऱ्या मोजल्या नाहीत कधी, पण गुडघ्यांना जरा जडच. आणि पावसाळा संपू द्या. पूर आला की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात असते, दर्शन तिथंच.

मी_मध्यमा : २०१६ च्या कन्यागताला गेले होते. गुरू कन्या राशीत, बारा वर्षांनी. गर्दीत चप्पल गेली, दुसऱ्या कुणाचीतरी घालून आले. ती अजून वापरतेय. २०२८ ला परत न्यावी म्हणते.

रेवा : कवठाच्या बर्फीची कृती कुणी देईल का? कवठं घरी आहेत, पिकत चाललीत.

डोंबिवलीहून (धागाकर्ती) : सगळ्यांचं वाचतेय, कामं राहिलीत. मामेभावाचा दुपारी मेसेज होता, पाणी अजून चढतंय, दक्षिणेचं दारही दिसेनासं झालं. त्याने म्हशी वरच्या अंगाला बांधल्यात. त्यानंतर मी तीन मेसेज टाकले, एकच टिक येतेय.

शिरोळकर : लाईट घालवतात, टॉवर बंद पडतो. घाबरू नका. पाण्याची वाढ हळू आहे असं गावातनं आत्ताच कळलं. काही समजलं की लिहितो.