पिवळा मिनी गुलाब, समुद्राजवळची गॅलरी: पानांच्या कडा करपतात, कळ्या तपकिरी होतात

पश्चिम गॅलरी (रत्नागिरी)

घर समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर. गॅलरी पश्चिमेची, ऊन दुपारी बारा ते मावळेपर्यंत. मातीच्या ८ इंची तीन कुंड्या, त्यांत पिवळा मिनी गुलाब. नर्सरीत नुसता ‘पिवळा बटण’ म्हणून मिळतो, जातीचं नाव माहीत नाही.

मिश्रण: लाल माती, शेणखत आणि किनाऱ्यावरची वाळू, समसमान. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, पीपीएममध्ये) ११०० च्या आसपास. नळाचं पाणी सकाळी तासभर येतं, त्याचा टीडीएस १४०. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक कुंडीला चमचाभर डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत). खाली ताटल्या आहेत.

खालच्या जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. शेंड्याची नवी पानं पिवळट पण शिरा हिरव्या. कुंडीला बाहेरून पांढरा थर चढलाय. कळ्या धरतात, पण अर्धवट उमलतात आणि पाकळ्यांच्या कडा जळल्यासारख्या दिसतात. नक्की कुठे चुकतंय? आणि अशा जागी पिवळ्यांतली कुठली जात चालेल?

अबोली

नवी पानं पिवळी म्हणजे मॅग्नेशियम कमी. दर कुंडीला चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्या, आठवड्यात फरक दिसेल.

खुंट आणि डोळा

अबोली, इथे एप्सम सॉल्ट नको. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांत आधी दिसते, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यावर दिसते: पान पिवळं, शिरा हिरव्या. शिवाय एप्सम सॉल्ट हाही क्षारच, आणि या कुंड्यांत क्षार आधीच जास्त झालेत.

पश्चिम गॅलरी, इथे दोन वेगळे त्रास एकत्र आलेत.

पहिला मिठाचा. गुलाब खारेपणाला फार नाजूक. बोअरच्या पाण्यातलं पाणी उडून जातं, मीठ कुंडीत उरतं. ताटलीत निथळलेलं पाणी माती पुन्हा शोषून घेते, त्यामुळे मीठ बाहेर पडायला वाटच नाही. मातीच्या कुंडीचा पांढरा थर ही त्याचीच खूण. मीठ पाण्यासोबत पानाच्या टोकापर्यंत जातं आणि तिथे साठतं, म्हणून करपणं कडेपासून सुरू होतं.

दुसरा वाळूचा. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनाही. चमचाभर वाळूवर व्हिनेगर ओता, फसफसली तर चुना आहे. या चुन्याने मातीचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. वाळू कितीही धुतली तरी मीठ जाईल, शिंपले राहतील. त्यात डीएपीचा जादा स्फुरद लोह आणखी अडवतो.

आज करायचं ते असं. ताटल्या काढा, कुंड्या विटांवर ठेवा. ८ इंची कुंडीत साधारण साडेचार लिटर मिश्रण मावतं. प्रत्येकीत नळाचं ८ ते १० लिटर पाणी तीन-चार वेळा विभागून ओता, दोन वेळांमध्ये अर्धा तास जाऊ द्या. भोकातून निथळणारं पाणी टीडीएस मीटरने मोजत राहा. पहिलं पाणी काही हजारांत भरलं तर घाबरू नका. ८०० च्या खाली आलं की थांबा. त्यानंतर दोन आठवडे कुठलंही खत नाही.

यापुढे रोज नळाचंच पाणी, झाकणाच्या पिंपात साठवून. बोअरचं वापरावंच लागलं तर एक भाग बोअर, तीन भाग नळ. दर वेळी एवढं घाला की थोडं खालून वाहून जाईल. घोटभर पाणी रोज वरचेवर शिंपडणं हे खाऱ्या पाण्याच्या गावात सगळ्यात वाईट.

गच्चीवरची बाग

वरच्या निदानाशी पूर्ण सहमत. पण धुऊन तात्पुरतं भागेल, शिंपले तिथेच आहेत, तेव्हा मिश्रण बदलावंच लागेल. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर हे काम करा.

मिनीला १० इंची कुंडी पुरते, फ्लोरिबंडाला (झुबक्यांनी फुलणारा, मिनीहून मोठा गुलाब) १२ ते १४. कोकणात प्लास्टिकची किंवा ग्रो बॅग बरी, मातीच्या कुंडीत भिंतीतून बाष्पीभवन होऊन मीठ लवकर साचतं. प्रमाण असं: चाळलेली जांभ्याची लाल माती २ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत १ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग, विटांचा वाटाण्याएवढा चुरा १ भाग. दर १० इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिच्यात हाडांचा चुरा विरघळतो. चुनखडीच्या मातीत तो नुसता पडून राहतो.

कोकोपीटबद्दल खास सांगायचंय. नारळाचं सोडण खाडीच्या पाण्यात कुजवलेलं असेल तर त्याच्या भुशात भरपूर मीठ असतं. बादलीत भिजवा, पिळा, पाणी फेका, आणि पिळलेल्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली येईपर्यंत परत करा. बाजारची कोकोपीटची वीटही याच कसोटीला लावा.

तळाला खड्यांचा थर घालू नका. बारीक मिश्रणातलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, उलट त्याच्या वरच थांबतं आणि मुळांना मिळणारी जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा एवढंच पुरे.

डीएपी बंद करा. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समसमान) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर. पालाश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश, म्युरिएट नाही, त्यात क्लोराइड असतं. मासळीचं पाणी घालणारे खूप आहेत, पण खारवलेल्या मासळीचं धुवण गुलाबाला कधीच नको.

जांभा

जातींबद्दल. ‘राइज अँड शाइन’ हा राल्फ मूर यांनी कॅलिफोर्नियात काढलेला मिनी, १९७७ चा. झाड आटोपशीर, रंग गडद पिवळा. कुंडीसाठी पहिली पसंती हीच. थोडी जागा असेल तर फ्लोरिबंडातला ‘फ्रिझिया’: झाड ठेंगणं आणि वास चांगला. ‘आर्थर बेल’चा वास सुंदर, पण त्याचा पिवळा उन्हात लवकर मलईसारखा पांढरट होतो आणि तुमच्याकडे सगळं ऊन दुपारचं आहे. ‘लँडोरा’ सगळीकडे मिळतो, पण तो हायब्रिड टी (लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणारा प्रकार), गॅलरीत उंच होतो आणि वाऱ्याने हेलपाटतो. नर्सरीत विचारून घ्या की रोप फांदी रुजवून केलेलं आहे की जंगली खुंटावर डोळा भरलेलं. फांदीच्या मिनीला खुंटाचे जंगली फुटवे काढत बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पिवळ्याला चुकत नाही, काळे ठिपके. बागेतल्या गुलाबांत गडद पिवळा आला तो इराणकडच्या रोझा फिटिडा या रानटी गुलाबातून. फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी तो संकरात आणला आणि १९०० मध्ये ‘सोलेइ दॉर’ बाजारात आला. फिटिडाला काळ्या ठिपक्यांचा रोग पटकन लागतो, आणि रंगासोबत ती खोड पुढच्या पिढ्यांतही उतरली. बुरशीला पान काही तास सलग ओलं लागतं. म्हणून पाणी मुळाशी, सकाळी. दोन कुंड्यांत हातभर अंतर. जमिनीपासून चार बोटांपर्यंतची पानं काढून टाका, आणि गळलेलं ठिपक्यांचं पान कुंडीत राहू देऊ नका.

फवारणी: कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, पुढच्या पाळीला मॅन्कोझेब अडीच ग्रॅम, आलटून पालटून बारा-पंधरा दिवसांनी. सुपारीसाठी घरात बोर्डो करत असाल तर ते १ टक्क्याचं गुलाबाच्या कोवळ्या पानाला जड जातं, अर्ध्या टक्क्याचं करा: मोरचूद ५ ग्रॅम, चुना ५ ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना वाढवा. मळभ असताना तांब्याची फवारणी करू नका, पान सुकत नाही आणि करपतं.

कळ्यांच्या कडा जळलेल्या दिसतात त्याला मीठ एकटं जबाबदार नाही. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे धावले तर फुलकिडे आहेत, आणि फिक्या नि पिवळ्या फुलांवर ते जास्त येतात. बाधित कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. निळे चिकट सापळे फुलांच्या उंचीवर लावा, आणि निंबोळी तेल (१०,००० पीपीएम) लिटरला २ मिली, संध्याकाळी.

पश्चिम गॅलरी

व्हिनेगर टाकलं, वाळू जोरात फसफसली. पहिलं निथळलेलं पाणी ३२००, नऊ लिटरनंतर ७६०. कागदावर किडेही दिसले. आता वाऱ्याचं काय? गॅलरीला पत्रा ठोकावा का? आणि छाटणी कधी?

खुंट आणि डोळा

पत्रा नको. घट्ट आडोशावर वारा आपटतो, वरून उलटतो आणि मागे भोवरा करून कुंडीवरच पडतो. ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा, वारा गाळून येतो आणि दुपारचं ऊनही सौम्य होतं. जाळी झाडापासून दीड-दोन फुटांवर असू द्या. खारे वारे दुपारी जोरात असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या पाण्याने पानं दोन्ही बाजूंनी धुवा. हे सकाळीच, दहापर्यंत पान सुकलं पाहिजे, नाहीतर मीठ घालवून ठिपके आणाल. या धुण्याने लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) हाही आटोक्यात राहतो.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कुंडी बदलतानाच. मिनीची वरची एक तृतीयांश उंची, बाहेरच्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरका काप. आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली या, तपकिरी दिसला तर शेंडेमर अजून आत आहे. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची घट्ट पेस्ट. छाटणीनंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फूल, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि थंडीत पिवळा रंग जास्त गडद येतो.

गच्चीवरची बाग

पावसाळ्यासाठी जोडतो. जून ते सप्टेंबर कुंड्या भिंतीकडे, छपराखाली सरकवा, पण उजेड हवाच. त्या काळात खत बंद, फुलं आली तरी कळीतच तोडा. जूनच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत मात्र कुंड्या मुद्दाम उघड्या पावसात ठेवा. वर्षभराचं साचलेलं मीठ धुऊन काढायला याहून चांगलं पाणी नाही.