शब्दचर्चा : 'वलीची वाढ' आणि 'विंड गॅप'

बोरूबहाद्दर : शिवालिक टेकड्यांवरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतोय. 'फोल्ड ग्रोथ' आणि 'विंड गॅप' हे शब्द पानोपानी येतात. फोल्ड म्हणजे दाबाने वाकलेले खडकांचे थर, त्याला शाळेपासून 'वली' वाचत आलो, पण 'वलीची वाढ' लिहिलं की आपलं आपल्यालाच हसू येतं. 'घडीची वाढ' लिहावं तर वाचकाला वाटणार, एकावर एक घड्या पडतायत. विंड गॅपला तूर्त 'वातखिंड' ठेवलंय. जाणकारांनी सुचवावं.

सांजवात : 'वली' टाकू नका. त्रिवलीतली वली तीच, पोटावरची वळी. घडी आपण घालतो, वळी आपोआप पडते.

कातळ : शब्द ठरवण्याआधी तिथे नेमकं काय वाढतंय ते बघू. तुमच्या पुस्तिकेत जनौरीची अपनती, म्हणजे कमानीसारखी वर वाकलेली वली, असणारच. होशियारपूरच्या ईशान्येला, बियास आणि सतलज यांच्या मधोमध, साधारण १०० किलोमीटर लांबीची टेकड्यांची ओळ. जमिनीखाली कललेला प्रस्तरभंग, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात ती भेग आहे, त्यावरून थर पुढे रेटले जातात आणि वर कमान धरतात. कमान उंच होते हे सगळेच लिहितात. ती लांबीलाही वाढते, आणि ते कळतं नद्यांवरून. सतलज नांगलहून खाली आली की सरळ नैऋत्येला मैदानात उतरायला हवी. तसं होत नाही. ती टेकडीच्या पाठीमागून आग्नेयेला चालत राहते आणि रोपडला कमानीचं टोक संपल्यावर कुठे पश्चिमेला वळते. बियास तसाच वळसा वायव्य टोकाला घालते. या दोघी मोठ्या, म्हणून वळसा घालून का होईना, मैदानात पोचल्या. मधल्या लहान ओढ्यांचं तसं नाही. कमान वर येत असताना ओढा तिला कापत राहतो. उचलण्याचा वेग कापण्याच्या वेगापुढे गेला, किंवा शेजारच्या नदीने वरचं पाणी पळवलं, की ओढा हरतो. पाणी मागच्या दूनमध्ये, म्हणजे टेकड्यांमागच्या लांबट दरीत, वळतं आणि त्याने कापलेली खाच माथ्यावर कोरडी राहते. ती विंड गॅप. म्हणून 'वातखिंड' नको, वाऱ्याने कोरली असं वाटेल. वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. खाचेत गोल गोटे सापडले तर ते त्या जुन्या ओढ्याचे.

बोरूबहाद्दर : मग 'कोरडी खिंड'?

घाटवळण : अहो, आमच्या सह्याद्रीत सगळ्याच खिंडी कोरड्या! त्यांनाही हेच म्हणायचं का?

कातळ : रास्त शंका. आपल्याकडे लाव्ह्याचे थर जवळपास आडवे, कमान नाहीच. बहुतेक खिंडी दोन्ही बाजूंचे ओढे उगमाकडे झिजवत गेल्याने पडल्या. नदी आरपार वाहत होती आणि हटली, असं तिथे सहसा नसतं. फरक शब्दात यायला हवा हे खरं. 'पाणी सुटलेली खिंड' म्हणणार होतो, पण पाणी सुटतं ते तोंडाला नाहीतर धरणातून. 'नदीने सोडलेली खिंड' चालेल. लांब आहे, पण चुकीचं चित्र उभं करत नाही.

सांजवात : आणि वाढीला 'उचल' का नाही?

घाटवळण : ऊसतोडीच्या गावात हे पुस्तक गेलं तर लोक विचारतील, उचल किती आणि मुकादम कोण.

कातळ : हाहा. तरी 'उत्थान'पेक्षा मला 'उचलणे' आवडतं, क्रियापद म्हणून. कारण हे काम सावकाशही चालतं आणि झटक्यानेही. १९८३ साली कॅलिफोर्नियात कोलिंगाला भूकंप झाला तेव्हा पुरलेला प्रस्तरभंग जमिनीवर फाटलाच नाही, पण त्यावरची अपनती सुमारे अर्धा मीटर उचलली गेली. तिथूनच दक्षिणेला व्हीलर रिज ही टेकडी आहे, लांबीच्या वाढीचं अभ्यासकांचं लाडकं उदाहरण. पश्चिमेची बाजू जुनी, घळींनी पोखरलेली. पूर्वेला जावं तसा उतार गुळगुळीत होत जातो, घळी उथळ, जणू काल उगवलेला. मधे नदीने सोडलेली खिंड, तिच्या पूर्वेला अजून वाहता असलेला ओढा. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात की टेकडीचं वय उतरत जातं. तेव्हा 'वलीची वाढ' या नामाचा हट्ट सोडा. एके ठिकाणी 'कमान उचलली जाते' लिहा, दुसऱ्या ठिकाणी 'टोक पुढे सरकतं'. इंग्रजीत एकच शब्द असला तरी मराठीत दोन लागले तर बिघडत नाही. व्याख्या देताना मात्र 'अपनती'च ठेवा. नती म्हणजे थराचा कल, आणि इथे तो माथ्यापासून दोन्हीकडे दूर जातो, हे त्या शब्दातच आहे.

बोरूबहाद्दर : पटलं. नदीने सोडलेली खिंड पक्की, पुढे नुसती 'सोडखिंड' करीन. शेवटचं एक, या टेकड्यांवरून मैदानात उतरणाऱ्या पावसाळी प्रवाहांना मूळ मजकुरात 'चो' म्हटलंय.

कातळ : 'सोडखिंड' झकास. 'चो' तसाच ठेवा, तो होशियारपूरकडचा शब्द आहे. पण पुढे देहरादूनजवळ पोचलात की तशाच प्रवाहांना 'राव' म्हणतात. 'मोहंड राव' वाचून मराठी माणूस पाटलांचं नाव समजेल. पहिल्या वेळी पुढे 'ओढा' जोडा.