चोवीस विद्यार्थी, चोवीस लघुप्रबंध; की सगळ्या वर्गाचा मिळून एकच?

कृष्णाकाठ (सांगली) :

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात एम. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या सत्रात शिकते. आमच्या वर्गात चोवीस जण आहेत आणि प्रत्येकाने वेगळा विषय घेऊन साठ प्रतिसादकांवर लघुप्रबंध करावा, अशी प्रथा आहे. साठच का, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही; आधीच्या तुकडीने साठ घेतले होते, एवढेच. ही प्रथा मोडून सबंध वर्गाने मिळून एकच प्रश्न घ्यावा आणि त्यावर एकच मोठा अभ्यास करावा, असा प्रस्ताव मी येथे मांडते आहे.

चोवीस गुणिले साठ म्हणजे 1440 प्रतिसादक होतात. कागदावर ही संख्या भारदस्त दिसते, पण प्रत्यक्षात आम्ही सगळे जण बी. ए. प्रथम वर्षाच्या त्याच दोन वर्गांत फिरत असतो. गेल्या महिन्यात एका मुलीने माझी प्रश्नावली हातात घेतली आणि विचारले, "ताई, ही माझी अकरावी. हिच्यातही 'सांगता येत नाही' मधल्याच रकान्यात आहे ना?" मी हो म्हणताच तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मधल्या रकान्यात खुणा केल्या आणि चार मिनिटांत कागद परत दिला. तो कागद माझ्या साठांमध्ये आहे.

आता आकड्यांचे पाहू. साठ जणांच्या नमुन्यात सहसंबंध (दोन गोष्टी किती प्रमाणात जोडीने कमी-जास्त होतात ते सांगणारा आकडा) साधारण 0.25 च्या खाली असेल, तर तो 0.05 या पातळीवर सार्थ ठरत नाही, म्हणजे मुळात संबंध नसताना असा आकडा योगायोगाने मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे असे म्हणता येत नाही; आणि आत्मसन्मान, एकाकीपणा, मोबाइलचा वापर अशा आमच्या आवडत्या विषयांतले खरे सहसंबंध पुष्कळदा 0.2 च्या आसपासच असतात. तेवढा संबंध असल्यास तो ऐंशी टक्के खात्रीने हाती लागावा, यासाठी जवळपास दोनशे माणसे लागतात. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांचे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच आंधळे असतात, आणि ज्यांना काही सापडते त्यांना ते वास्तवाहून फुगलेले सापडते. 2015 मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मानसशास्त्रातले आधी प्रसिद्ध झालेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळच्या 97 टक्क्यांच्या जागी जेमतेम 36 टक्क्यांचे निष्कर्ष सार्थ ठरले. हे आम्ही संशोधनपद्धतीच्या पेपरात पाठ करून लिहितो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच वाटेने प्रश्नावल्या वाटायला निघतो. जत, आटपाडी, शिराळा, तासगाव अशा आपापल्या तालुक्यांत प्रत्येकाने साठ माणसे गाठली, तर निदान एका प्रश्नाचे तरी या जिल्ह्यापुरते भरवशाचे उत्तर मिळेल.

अजिंक्यतारा (सातारा) :

आपले गणित बरोबर आहे, तरीही माझा प्रस्तावाला विरोध आहे. मी दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात एम. ए. केले. माझ्या लघुप्रबंधातून काहीही सिद्ध झाले नाही, हे मार्गदर्शकांनाही ठाऊक होते आणि मलाही. मात्र त्यातल्या एका विधानाने मला जे शिकवले, ते वर्गाच्या सामायिक अभ्यासात मला कधीच शिकता आले नसते.

मी रोझेनबर्ग यांची 1965 ची आत्मसन्मान मापनी घेतली होती. तिच्यात दहा विधाने आहेत आणि त्यांतल्या पाचांचे गुणांकन उलट करायचे असते. स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा, अशा अर्थाचे एक विधान त्या पाचांत मोडते. त्याला सहमती दर्शवणाऱ्याचा आत्मसन्मान कमी धरला जातो. कमवा आणि शिका योजनेत काम करणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांकडून तीस प्रश्नावल्या भरून आल्या, तेव्हा इतर नऊ विधानांवर उत्तम गुण मिळवणारी मुलेसुद्धा येथे 'पूर्ण सहमत' दिसली. मला आधी वाटले, मीच गुण उलटे मांडले. दोनदा तपासले. शेवटी भाजीच्या वाफ्यांना पाणी देऊन आलेल्या एका मुलाला गाठून विचारले, तर तो म्हणाला, "आदर वाढावा असं कुणाला वाटणार नाही, मॅडम?" मूळ इंग्रजी वाक्यात जी उणिवेची कबुली आहे, ती माझ्या मराठीत आकांक्षा झाली होती. भाषांतर मी केले होते, चूक माझी होती, म्हणून ती मला सापडली. तुमच्या योजनेत भाषांतर चार जणांची समिती करणार आणि उरलेले वीस जण खुणा मोजणार.

सांख्यिकीवाला (कराड) :

दोन्ही बाजूंना थोडे थोडे मान्य करून एक मध्यममार्ग सुचवतो. विदा, म्हणजे प्रतिसादकांकडून मिळणारी माहिती, एकत्र गोळा करावी, प्रश्नावलीचे मराठीकरण सगळ्यांनी मिळून आधी वीस-पंचवीस जणांवर तपासून घ्यावे, पण गृहीतक, म्हणजे तपासून पाहायचा अंदाज, प्रत्येकाचे वेगळे असावे आणि ते विदा हाती येण्यापूर्वी लिहून विभागात जमा करावे. गटाच्या कामात चार जण राबतात आणि बाकीचे सह्या करतात, ही तक्रार त्याने बरीचशी मिटेल, कारण तोंडी परीक्षेत ज्याला त्याला आपापल्या गृहीतकावर बोलावे लागेल.

हळदपेठ (सांगली) :

मध्यममार्ग ऐकायला बरा आहे, पण त्यात एक मोठी फट आहे. एकाच विदेवर चोवीस गृहीतके 0.05 या पातळीवर तपासली आणि त्यांतले एकही मुळात खरे नसले, तरी सरासरी एकाहून अधिक निष्कर्ष निव्वळ योगायोगाने सार्थ ठरतात. त्या विद्यार्थ्याला शाबासकी मिळेल, त्याचा शोधनिबंध परिषदेत वाचला जाईल आणि बाकीचे तेवीस जण आपल्यात काहीतरी कमी आहे असे समजतील. हे टाळण्यासाठी 0.05 ही पातळी चोवीसने भागून अधिक कडक केली, तर नमुना मोठा करून जे कमावले त्यातले बरेच हातचे जाते.

कृष्णाकाठ (सांगली) :

हळदपेठ यांचा आक्षेप खरा आहे, पण तो आजच्या पद्धतीलाही तितकाच लागू होतो. आजही चोवीस गृहीतके त्याच पातळीवर तपासली जातात; फरक एवढाच की ती चोवीस वेगवेगळ्या काळ्या बांधणीच्या प्रतींमध्ये असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. विदा एकत्र असेल तर निदान हा हिशेब करावा लागेल.

अजिंक्यतारा यांच्या अनुभवापुढे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मराठीकरण समितीकडे न सोपवता प्रत्येकाने आपल्या गावी पाच जणांना समोर बसवून एकेक विधान मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यांना काय कळले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे, एवढी सुधारणा मी प्रस्तावात करते. मधला रकानाही काढून टाकावा, असे मला वाटू लागले आहे.

पुलाचे फूट (सांगलवाडी) :

येथे सगळे जण प्रश्नावली गृहीत धरून बोलत आहेत, म्हणून लिहिते. माझा विषय 2019 च्या महापुरानंतरची भीती हा होता आणि सुरुवातीला मीही नऊ प्रश्नांची पीएचक्यू ही नैराश्याची प्रश्नावली घेऊनच घरोघर गेले. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. फेब्रुवारीत एका आजींना मी झोपेचा प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता कशाला झोप मोडंल? आयर्विन पुलाचं पाणी चाळीस फुटावर गेलं की मग ये विचारायला." (आयर्विन हा सांगलीचा कृष्णेवरचा पूल; पुराची पातळी तेथे मोजतात.) प्रश्नावलीत त्यांच्या झोपेपुढे शून्य पडला. हा शून्य 1440 जणांच्या विदेत गेला असता, तर तो अधिक भक्कम शून्य झाला असता.

मार्गदर्शकांशी महिनाभर वाद घालून मी पद्धत बदलली आणि बावीस स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या; त्यांतल्या दोन मुलाखती जुलैमध्ये, संततधार लागलेली असताना. एम. ए. च्या दोन वर्षांत खरोखर माझे असे जे काही काम झाले, ते तेवढेच. आपला संयुक्त अभ्यास सुरू झाला तर मी मराठीकरणात जरूर मदत करीन. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मात्र मागू नये, कारण संमतीपत्रावर 'हे माझ्याशिवाय कोणी ऐकणार नाही' असे मी बावीस वेळा लिहून दिलेले आहे.