आज्जीच्या, आईच्या वाट्याला स्त्रीमुक्तीतलं काय आलं? घरातले अनुभव सांगा

काल आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेले होते. कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे, त्याचं झिरो तिकीट कंडक्टरनं दिलं तर तिनं ते घडी करून पदराच्या गाठीत बांधलं. म्हटलं कशाला गं, फुकटचं तर आहे. तर म्हणाली तुझी आज्जी खानापूरला माहेरी जायला आजोबांकडं गाडीभाडं मागायची, ते बघू म्हणायचे, असं बघू बघू करत एकदा तीन वर्षं गेली. बेळगावातनं खानापूर!! रात्रभर डोक्यातनं जाईना. आज्जीनं स्त्रीमुक्ती हा शब्दही ऐकला नसेल, खरं त्यातलं काही तिच्या चुलीपर्यंत पोचलं का?

निपाणीची लेक
माझी आज्जी तंबाखूच्या वखारीत होती. १९८० ला संघटना झाली, मोर्चे निघाले, मजुरी वाढली. मालकापुढं मान वर करून बोललो म्हणून म्हातारपणीपण सांगायची. खरं ती वाढलेली मजुरी आजोबांच्या हातात, आणि भाकरी थापून जेवायला ती शेवटी, तव्यावरची करपलेली घेऊन.

वडगावची वैनी
माझ्या सासूबाईंना विचारलं तर म्हणतात मला गॅसनं आणि नळानं सोडवलं, चळवळ कुठली की. तिसऱ्या गल्लीतनं दोन दोन घागरी आणायच्या, मान अजून दुखते त्यांची. कुकर लावलाय नंतर येते

धागाकर्ती
वैनी, नळपण मागितल्यावरच आला की. मुंबईत मृणाल गोरे पाण्यासाठी भांडल्या म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. १९७२-७३ ला महागाईविरोधात लाटणी घेऊन निघाल्या त्या बायका घरातल्याच होत्या, तेल साखर रॉकेलसाठी.

चिकोडीची सून
कायद्याचं कुणी बोलेना. कर्नाटकात १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा आला, देशभर २००५ ला. आत्याचं लग्न त्यानंतरचं, म्हणजे हक्क होता. खरं भावांनी साडी-चोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली. माहेर तुटेल म्हणून केली बिचारीनं. भाऊबीजेला बोलवतात, उसाचं बिल आलं की कुणाला आठवत नाही ती.

निपाणीची लेक
आमच्यातपण हेच. रडूच येतं

वडगावची वैनी
आले. सासूबाईंना आता सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, पासबुक उशाखाली असतं. परवा नातीला स्वतः पैसे काढून कानातलं घेतलं, कुणाला विचारलं नाही. मला फार बरं वाटलं बघा

चंदगडकर
आमच्याकडं महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासनं. तुमचं झिरो जूनपासनं ना?

धागाकर्ती
होय, ११ जून. आधार कार्ड तेवढं ठेवायचं जवळ.

चिकोडीची सून
सौंदत्तीला मंगळवारी गर्दी असते का? आत्याला घेऊन जावं म्हणते, कुठंच गेली नाही कधी.

धागाकर्ती
मंगळवार-शुक्रवार सोडून जा, सकाळची गाडी धरा. आत्याला खिडकी द्या.