माकडं मारली की माकडताप जाईल? (चर्चा)

वाळपईकर: काल इथे एकाने लिहिलं, "माकडतापावर संशोधन म्हणजे पैशांची नासाडी. माकडं मारा, ताप गेला." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. माकडताप म्हणजे गोचीड चावून माणसाला होणारा विषाणूचा ताप. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात हा विषाणू सापडला, तोच मुळी माकडं मरून पडत होती म्हणून. माकड स्वतः या रोगाने मरतं. विषाणू टिकतो गोचिडीत आणि उंदीर-चिचुंद्र्यांत. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि त्याच पाचोळ्यात आपल्या बायका काजू वेचतात. गोचिडीचं खसखशीएवढं पिल्लू, चावलेलं कळतही नाही. आपल्या गोव्यात, सत्तरीत पालीला 2015 मध्ये ताप आला, तेव्हा रक्ताची तपासणी झाली म्हणून नाव तरी कळलं. नाहीतर डेंगी समजूनच बसलो असतो.

काजूवाला: बाब, तुमचा अभ्यास दांडगा. पण माझ्या कुळागरात, म्हणजे नारळ-केळीच्या बागेत, येऊन बघा. माकडं कोवळे नारळ पाडतात, केळीचा घड पिकायच्या आधी फाडतात. भरपाईचा अर्ज दिला, पंचनामा झाला, पुढे काही नाही. संशोधक मात्र गाडी घेऊन येतात, गोचिडी गोळा करतात आणि जातात. शेतकऱ्याला काय मिळालं?

फोंड्याची ताई: भरपाईचा राग रास्त आहे, पण तो माकडतापावर का काढता?

काजूवाला: कारण दोन्हीकडे आम्हीच मरतो! वर म्हादई अभयारण्यात व्याघ्र प्रकल्प करा म्हणून 2023 मध्ये हायकोर्टाने सांगितलं. उद्या बागेत पाय ठेवायलाही परवानगी लागेल. पणजीत बसून जंगलावर प्रेम करणं सोपं आहे.

डिचोलीकर: व्याघ्र प्रकल्पाची भीती घालून मतं मागणाऱ्यांचीच भाषा बोलता तुम्ही. जंगल तोडून बागा कोणी वाढवल्या? त्याच वर्षी मार्चमध्ये म्हादईत वणवे लागले, ते वाघाने लावले काय?

काजूवाला: तोंड सांभाळून बोला. माझ्या आजोबांच्या हातची झाडं आहेत ती. आग लावणारे कोण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

वाळपईकर: वाघ बाजूला ठेवा, दोघेही. जंगलाचे तुकडे पडले की माणूस, गुरं आणि माकड एकाच कडेला येतात. मोठी गोचीड गुरांवर पोसते आणि गुरं ती गावात आणतात. संशोधन हवं ते यासाठी.

गवळी: आता गाईचाही दोष का? गुरं चारायला न्यायची कुठे, तेही सांगा.

परिचारिका (सत्तरी): मी थोडं लिहिते. माझ्या नणंदेला काजूच्या दिवसांत ताप आला. डोकं फुटेल असं दुखायचं, डोळे लाल. आठवड्याने ताप उतरला, घरच्यांनी नारळ वाढवला. मग काही दिवसांनी पुन्हा ताप, हात थरथरायला लागले, घरातल्यांना ओळखेना. हा आजार असा दोनदा येतो, हे आम्हाला आधी कोणी शिकवलं नव्हतं. खास औषध नाही, जुनी लसही आता बंद. ती वाचली, सगळे वाचत नाहीत. शंभरात तीन ते पाच दगावतात.

डिचोलीकर: ताई, वाईट वाटलं. पण संशोधनाने तिला काय मिळालं?

परिचारिका (सत्तरी): तिला उशिरा मिळालं. तिच्यानंतरच्या बाईला वेळेवर मिळालं, कारण तोपर्यंत मेलेलं माकड दिसलं की त्या जागेवर गोचिडी मारायची पावडर टाकायची आणि तिथे वेचायला जायचं नाही, हे आम्हाला माहीत झालं होतं.

काजूवाला: बरं. मेलेलं माकड दिसलं तर कळवीन, हात लावणार नाही. 2012 मध्ये बंडीपूरला मेलेली माकडं हाताळणाऱ्या वनकामगारांनाच ताप आला, हे मीही वाचलंय. पण वेचणाऱ्या बायकांना गोचिडी दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल काजू सुरू व्हायच्या आधी घरोघर पोचवा. अर्धा हंगाम संपल्यावर आणून उपयोग नाही. आणि माझा नारळाचा अर्ज विसरलेलो नाही.

वाळपईकर: तेलाचं आमच्या पंचायतीच्या बैठकीत मांडतो. तुमच्या भरपाईसाठीही सोबत येतो, पण माकडं मारा म्हणणाऱ्यांच्या बाजूने नाही.

गवळी: गुरांच्या गोचिडींचं औषधही त्याच यादीत घाला. आम्ही विकत आणतो ते.