मदत हवी आहे: गावच्या पाण्याच्या टाकीला लेव्हल सेन्सर बसवलाय, पहाटे रीडिंग उड्या मारतं

नमस्कार मंडळी, थोडं लांबतंय पण पूर्ण वाचा प्लीज.

भोर तालुक्यात आमची वाडी आहे. टेकडीवर ग्रामपंचायतीची ५० हजार लिटरची आरसीसी टाकी, खाली ओढ्याकाठी विहीर आणि तिथंच मोटरघर, मधे दीडेक किलोमीटर. मोटर चालू करणं, कॉक फिरवून आळीआळीला पाणी सोडणं हे सगळं तात्या बघतात, साठी उलटलीय त्यांची. टाकी किती भरली हे कळायचा एकच मार्ग, वर जाऊन लोखंडी शिडी चढायची आणि झाकण उचलून बघायचं. थ्री फेज कधी दिवसा असते कधी रात्री, रात्रीची पाळी असली की तात्या बॅटरी तोंडात धरून चढतात, पावसात पण. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि मला खरंच भीती वाटते.

चढले नाहीत तर टाकी भरून पाणी वाहून जातं. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा, आमची वस्ती ९०० च्या आसपास, म्हणजे भरलेली टाकी नीट वाटली तर जेमतेम हिशोब बसतो. एप्रिल-मेमधे विहिरीचा तळ दिसायला लागला की वाहून गेलेलं पाणी परत मिळत नाही, खालच्या आळीतल्या बायकांना मग हंडे घेऊन ओढ्यातल्या झऱ्यावर जावं लागतं.

म्हणून हे बसवलंय: टाकीवर ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर (वरून आवाज सोडून पाण्यावरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून, म्हणजे इकोवरून, अंतर मोजतो), लोरा मॉड्यूल (लांबवर थोडी माहिती पाठवणारा रेडिओ), १८६५० हा चार्ज होणारा सेल आणि छोटं सोलर पॅनल. लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, आपल्याकडे तो विनापरवाना वापरता येतो. मोटरघरात दुसरा ईएसपी३२ आणि तीन दिवे. लाल म्हणजे टाकी रिकामी, पिवळा म्हणजे अर्धी, हिरवा म्हणजे भरली, मोटर बंद करा. अ‍ॅप मुद्दाम केलं नाही कारण तात्यांकडे बटणांचा फोन आहे आणि मोटरघरात तशीही रेंज नाही. दिवे त्यांना पहिल्याच दिवशी समजले.

आता अडचण. दिवसभर रीडिंग व्यवस्थित, पण पहाटे चारपासून ऊन तापेपर्यंत उड्या मारतं. टाकी अडीच मीटर खोल आहे, पाणी निम्म्यावर असतं आणि सेन्सर सांगतो काठोकाठ. झाकण उघडून बघितलं तर खालच्या बाजूला घाम सुटल्यासारखे थेंब लोंबत होते, सेन्सरच्या तोंडावर पण एक मोठा थेंब. या सेन्सरला जवळचं २०-२५ सेंटिमीटर तसंही दिसत नाही आणि त्याचा बीम रुंद आहे, त्यामुळे आतल्या शिडीवरून किंवा इनलेट पाइपवरून पण इको येत असेल असं वाटतं. सात रीडिंग घेऊन मधलं धरतो, तापमानाप्रमाणे आवाजाचा वेग पण दुरुस्त करतो, तरी फरक नाही. हिरवा दिवा लागला म्हणून तात्यांनी मोटर बंद केली आणि सकाळी अर्ध्या गावाला पाणी आलं नाही, तेव्हापासून ते परत शिडी चढायला लागलेत. मला त्याचंच वाईट वाटतंय.

तर, अल्ट्रासोनिक सोडून पाण्यात सोडायचा प्रेशर सेन्सर घ्यावा का? का चार इंची पीव्हीसी पाइप उभा करून त्यात हाच सेन्सर ठेवला तर चालेल? आणि उंचावरच्या टाकीवर वळवाच्या विजांपासून हे सगळं वाचवायचं कसं? नुसतं सर्किट कळणाऱ्यांनी नाही तर गावात प्रत्यक्ष बसवलेल्यांनी पण सांगा.

प्रतिसाद:
पाइपच्या नादी लागू नका, पाइपला जॉइंट आला की तिथून इको येतो, शिवाय थेंबांचा प्रश्न तसाच राहतो. सबमर्सिबल प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे तोच पाण्यात सोडायचा प्रेशर सेन्सर घ्या, ० ते ५ मीटर रेंजचा, पाण्याच्या उंचीप्रमाणे ४ ते २० मिलिअँपिअर करंट देणारा. अडीच मीटर पाण्याला साधारण पाव बार दाब येतो, म्हणजे टाकी फुल असताना १२ मिलिअँपिअर. १५० ओहमच्या रेझिस्टरवर १.८ व्होल्ट मिळतील, ते ईएसपी३२ च्या आतल्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) वाचू नका, तो सरळ रेषेत चालत नाही, एडीएस१११५ ही वेगळी एडीसी चिप लावा. सेन्सरला १२ ते २४ व्होल्ट लागतात, सेलचा व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर फक्त रीडिंगपुरता चालू करा म्हणजे सेल टिकेल. केबलमधे एक बारीक हवेची नळी असते, तिचं तोंड कोरड्या बॉक्समधे आणा आणि सिलिका जेल ठेवा, ती बुजली तर रीडिंग हळूहळू सरकत जातं. आणि पिण्याचं पाणी आहे, तेव्हा सेन्सर आणि केबल पिण्याच्या पाण्यात चालणारे आहेत का ते विचारूनच घ्या.

प्रतिसाद:
वरचं बरोबर आहे पण सोबत एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) पण टाका, भरल्याच्या खुणेवर. हिरवा दिवा दोघांचं एकमत झालं तरच लावा. मतभेद असेल किंवा दहा मिनिटं वरून मेसेजच आला नाही तर पिवळा लुकलुकू दे, म्हणजे तात्यांना कळेल की आज वर जाऊन बघायचंय. खात्री नसेल तेव्हा दिव्याने तसं सांगितलं पाहिजे, तरच माणूस त्याच्यावर विसंबतो. मोटर आपोआप बंद करायचा मोह आत्ता तरी टाळा. मोबाईलवरून मोटर चालवायचं काम आपल्याकडे नवीन नाही, पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या नॅनो गणेशला २००९ मधेच नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, पण तुमच्याकडे मोटरजवळ माणूस आहेच, त्याला खरी माहिती मिळाली की पुरे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. लुकलुकणारा पिवळा लगेच टाकतो, त्याला नवीन सामान लागत नाही. फ्लोट या रविवारी. तात्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "दिव्याला ठाऊक नसंल तर त्यानं तसं बोलावं, मी चढंन की एक डाव."

प्रेशर सेन्सर घेणार हे नक्की. दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, टाकीला सध्या वीजरोधक नाही. सेन्सरच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारा) लावला तर त्याचं अर्थिंग टाकीच्या सळईला जोडायचं का वेगळा खड्डा घ्यायचा? वायरमन म्हणतो वेगळा खड्डा, मित्र म्हणतो दोन वेगळी अर्थिंग ठेवलीस तर वीज पडल्यावर मधे फरक येऊन सगळं जळेल. दुसरं, मी पुण्यात असतो, सेल बदलणं, नळीचं सिलिका जेल बदलणं हे गावातच कुणीतरी करायला हवं. बारावी झालेल्या दोन मुली शिकायला तयार आहेत, त्यांना मानधन मिळावं असं मनापासून वाटतं. वित्त आयोगाच्या बंधित निधीत (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) पाणीपुरवठ्याचा हिस्सा असतो, त्यातून कुणाच्या ग्रामपंचायतीने अशा देखभालीचा खर्च केला असेल तर ठराव कसा लिहिला ते इथे टाकाल का? पुढच्या ग्रामसभेत मांडायचा आहे.